फुंकताना एकेचाळीस

मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या शिंप्याकडे गेलात, तर त्याच्या टेबलाचा वरचा खण उघडायला सांगा. खडूचे तुकडे, तुटकी बटणे आणि गुंता झालेला दोरा यांच्या खाली तिथे माझी एखादी बहीण नक्की पडलेली असेल. मी एक जुनी मापांची वही आहे. माझ्यात गोष्टी नाहीत, चित्रे नाहीत. छाती इतकी, कंबर इतकी, बाही इतकी, एवढेच माझ्यात लिहिलेले आहे. तरीही एकदा दोन माणसे माझ्यावरून भांडली आणि माझ्यामुळेच हसली. त्याचे नक्की काय झाले, ते मला अजून नीटसे उमगलेले नाही. जमेल तसे सांगते.

माझा जन्म एका बाइंडरच्या बोळातल्या खोलीत झाला. त्याने दोनशे कोरी पाने एकावर एक रचली, दाभणाने भोके पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवले. वरून हिरवा पुठ्ठा चढवला. चार दिवस मी वजनाखाली दबून होते. मग मला एका उंच माणसाने उचलले, पाने फरफर उलटली आणि म्हटले, "ही द्या. हिची शिवण पक्की आहे."

त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. त्यामुळे माझा पहिला गोंधळ तिथेच झाला. मला वाटले, आपण शाळेत चाललो. आता आपल्यावर पाढे लिहिणार, शुद्धलेखन लिहिणार. पण ज्या खोलीत मी पोचले तिथे फळा नव्हता. दोन शिवणयंत्रे होती, एक लांब टेबल होते, भिंतभर आरसा होता आणि कोपऱ्यात एक पडदा होता. इस्त्रीखालून गरम कापडाचा वास येत होता. शिंप्यालाही मास्तर म्हणतात, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

मास्तरांच्या गळ्यात टेप असे आणि कानावर पेन्सिल. माप घेता घेता ते आकडा मोठ्याने म्हणत आणि लगेच माझ्यात उतरवत. नावे मात्र ते लिहीत नसत. "नावं काय, दहा जणांची एकच असतात," ते म्हणत. "खांदा ज्याचा त्याचा." म्हणून माझ्या पानांवर 'उंच पोस्टवाला', 'घाई', 'बटणं तोडतो', 'दोन जावयांपैकी बारका' अशी माणसे राहू लागली. त्यांच्या मागच्या मशीनवर त्यांची लेक बसे. ती लहानपणापासून काज करायला शिकली होती. कुणाचा जुना कपडा आला आणि माप आठवेना, की मास्तर मला थोपटून तिला म्हणत, "काढ गं. ही वही म्हणजे माझं दुसरं डोकं आहे." असे ऐकले, की माझा पुठ्ठा ताठ होई.

या माणसांपैकी एक होते 'पिपाणी'. खरे तर ते गावाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. बागेतल्या गोल चौथऱ्यावर दर रविवारी त्यांचा बँड बसे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी कोटाची तक्रारच आणली होती.

"मागच्या शिंप्यानं शिवलेल्या कोटाची बटणं पहिल्याच गाण्याला उडाली हो! एक तर ड्रमवर जाऊन वाजलं. लोकांना वाटलं, गाण्यातलंच आहे."

मास्तर म्हणाले, "त्यानं तुमचं माप उभ्याउभ्या घेतलं असेल. घ्या बरं श्वास."

"किती घेऊ?"

"वाजवताना घेता तेवढा."

त्यांनी श्वास घेतला. टेप मास्तरांच्या बोटांतून सरकला. मास्तरांनी माझ्यात लिहिले : 'पिपाणी. छाती ३८. फुंकताना ४१.' एका छातीला दोन आकडे! माझ्या पानांत तोवर असे दुसरे कुणी नव्हते.

त्यानंतर काही पानांवर पुन्हा 'पिपाणी' आले. छाती ४०, फुंकताना ४२. मग आणखी एक आले, छाती ३९ आणि फुंकताना ४१. पुढे ३७ आणि ३९. मला वाटले, हे सगळे भाऊ असणार आणि घरच्या घरी बँड काढलेला असणार. नाव एक आणि आकडे निराळे, म्हणजे माणसेही निराळी, असा माझा सरळ हिशेब. शेवटचा पिपाणी पार मागच्या पानांवर आहे. त्या दिवशी माप पडद्याआड घेतले गेले. मी बाहेर टेबलावर उघडी पडले होते. आतून धाप लागल्यासारखा, घशात काही अडकल्यासारखा आवाज येत होता. मी घाबरले. थोड्या वेळाने मास्तर डोळे पुसत बाहेर आले आणि त्यांनी तीन आकडे लिहिले. तिसऱ्यामागे नुसते एक अक्षर होते, 'ह' आणि टिंब. मला काही कळले नाही. मी विचारणार तरी कुणाला?

मग मास्तर येईनासे झाले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना मरण कळत नाही. एखादे गिऱ्हाईक दहा वर्षे आले नाही, तर ते जाड झाले, रुसले, की परगावी गेले, हे वहीला कसे समजावे? माझ्यातला एकही आकडा मास्तरांनी कधी खोडला नव्हता. माझ्या लेखी सगळे जसेच्या तसे होते. म्हणून मी मास्तरांचीही वाट बघत राहिले. खण उघडला, की मला वाटे, आलेच ते. पण हात लेकीचा असे. ती खडू घेई आणि खण लावून टाकी.

दुकान आता तीच चालवू लागली. मापे ती मोबाइलमध्ये ठेवी. माझी गरज उरली नाही. एके दिवशी मास्तरांच्या मशीनचा एक पाय डुगडुगायला लागला, तेव्हा तिने मला खणातून काढले आणि त्या पायाखाली सरकवले. तिने ते रागाने केले नाही. माझी जाडी बरोबर बसत होती, एवढेच. मशीन चालले, की माझे हाडन् हाड खिळखिळे होई. पुठ्ठ्याला खळगा पडला. तिथे मी किती दिवस होते, ते माहीत नाही.

एका सकाळी दुकानात एक धिप्पाड माणूस आला. बंदरावरच्या क्रेनवर काम करणारा होता. हात मोठे, आवाज मोठा. पण बोलताना नजर जमिनीवर.

"ताई, तुमच्याकडे बँडचे कोट शिवायचे ना? आमचे अण्णा ट्रम्पेट वाजवायचे. चार महिने झाले त्यांना जाऊन. बँडवाले त्यांचा कोट हॉलमध्ये काचेच्या कपाटात लावणार आहेत, ट्रम्पेटच्या शेजारी. एक कोट शिवून पाहिजे."

लेकीने विचारले, "त्यांचा स्वतःचा नाही का?"

त्याने टेबलावरचा एक दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, "नाही राहिला. तुमच्याकडे माप असेल ना जुनं? ते चांगले आडवेतिडवे होते. माझ्यासारखे. ते माप घ्या."

तो गेला. दुपारी एक बारीकशी बाई आली. खांद्याला पिशवी, डोळे जागरण झाल्यासारखे. तिनेही तेच सांगितले. बँडचा कोट, काचेचे कपाट, अण्णा. "पण माप शेवटचं घ्या हं," ती म्हणाली. "ते खूप उतरले होते. मोठा कोट कपाटात टांगला, तर तो कुणा परक्याचा वाटेल."

ती गेल्यावर लेक कितीतरी वेळ कात्री हातात धरून नुसती उभी होती. "एका माणसाचे दोन कोट," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि माणूसच नाही." तिने मोबाइल चाळला. त्यात अण्णा नव्हते. मग तिची नजर मशीनच्या पायाकडे गेली. तिने मशीन उचलून धरले, पायाने मला बाहेर ओढले आणि फडक्याने पुसले. कितीतरी दिवसांनी माझी पाने उजेडात आली. ती एकेक 'पिपाणी' शोधत गेली आणि खुणेला बोट घालत गेली. पाच पाने, पाच बोटे. दुसऱ्या हाताने मला धरलेले, तेव्हा पाने उलटायला तिला नाक वापरावे लागले.

दुसऱ्या दिवशी तिने त्या दोघांना एकाच वेळी बोलावले. मला वाटते, तिने ते मुद्दाम केले. दोघे दारातच एकमेकांना दिसले आणि दोघांचेही चेहरे पडले. ती बहीणभाऊ होती. तो मोठा, दादा. तिला तो चिंगी म्हणे, आणि चिंगीचे केस आता पांढरे होऊ लागले होते.

"तू इथे कशाला?" दादा म्हणाला.

"तू कशाला?"

"बसा दोघेही," लेक म्हणाली. "मला एवढंच सांगा, की कोट एक का दोन? आणि कुठल्या मापाचा?"

तिने मला टेबलावर उघडून ठेवले. दादाने पहिल्या पानावर बोट टेकवले. "हे! हे अण्णा. फुंकताना एकेचाळीस! मला एका खांद्यावर आणि ट्रम्पेट दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालायचे."

"ते तू पोरगा होतास तेव्हाचे," चिंगी म्हणाली. तिने माझी पाने उलटून शेवटचे काढले. "हे अण्णा. छाती पस्तीस, फुंकताना साडेपस्तीस. शेवटची दोन वर्षं त्यांना दोन जिने चढवत नव्हते. तरी दर रविवारी कोट घालून चौथऱ्यावर जायचे. वाजवायचे नाहीत, शेजारच्याच्या नोटेशनची पानं उलटायचे. बटणं मी लावून द्यायचे. तू होतास कुठे?"

"पैसे कोण पाठवत होतं?"

"मी पैशांचं बोलतेय का?" तिचा आवाज चिरकला. "मी मृत्यूचा दाखला आणायला ऑफिसात गेले, तेवढ्यात तू अण्णांचं कपाट रिकामं केलंस. तीन पोत्यांत सगळं भरलंस आणि देऊन टाकलंस. एक रुमाल ठेवला नाहीस माझ्यासाठी. विचारलंस का मला? एका शब्दानं विचारलंस?"

दादाने टेबलावरचे एक बटण उचलले आणि बोटांत फिरवले. मग म्हणाला, "कपाट उघडलं की त्यांचा वास यायचा गं. मला उभं राहवेना तिथे. मला वाटलं, तुलाही त्रास होत असेल. मी आपला... तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी!" ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! हे पाच पिपाणी पाच भाऊ नव्हते. तो एकच माणूस होता. मग अडतीसचा खरा, की पस्तीसचा? एकाच माणसाला दोघे निरनिराळ्या पानांवर शोधत होते आणि दोघांनाही तो सापडत होता. मी आयुष्यभर आकडे सांभाळले, पण माणूस असा एका पानावरून दुसऱ्या पानावर चालत जातो, हे मला कुणी सांगितलेच नव्हते.

"आणि हे काय आहे?" चिंगीने शेवटच्या पानावर बोट ठेवले. "ह टिंब, साडेसदतीस. हे कसलं माप?"

लेक वाकून बघू लागली. "बाबांचंच अक्षर आहे. पण अशी खूण ते करत नसत."

"हवा असेल," दादा म्हणाला. "हवा भरून."

"हवा भरून साडेपस्तीसच आहे. वर लिहिलंय," चिंगी म्हणाली. "हृदय तर नसेल? डॉक्टरांनी काही मोजायला सांगितलं असेल..."

"शिंप्याला?"

कुणालाच उलगडा होईना. शेवटी दादा वैतागून उठला. "हे बघा, माझा बांधा अगदी त्यांचाच आहे. माझं माप घ्या आणि शिवून टाका."

"तू म्हणजे अण्णा नव्हेस," चिंगी पुटपुटली.

पण लेकीला काहीतरी करायला हवे होते. तिने गळ्यातला टेप काढला. "हात वर करा." तिने काखेखालून टेप घेतला मात्र, दादा एकदम आक्रसला. "अहो, हळू! गुदगुल्या होतात!"

"हलू नका."

"हलत नाहीये मी. तुम्ही टेप... अहो! अहो!" एवढा मोठा क्रेनवाला, पण तो आरशासमोर कासावीस होऊन वाकायला लागला. त्याच्या तोंडून आधी चिरका आवाज निघाला, मग धाप लागल्यासारखा, घशात काही अडकल्यासारखा. तो आवाज मी ओळखला. पडद्याआडून ऐकला होता तोच.

चिंगी वळून बघत होती. "अण्णांनाही असंच व्हायचं," ती म्हणाली. "बटण लावताना माझं बोट लागलं, तरी..." आणि बोलता बोलता तिलाही हसू फुटले. तिने पदराऐवजी पिशवीच तोंडावर धरली.

लेक मात्र टेपाकडे बघत होती. "थांबा, थांबा, आकडा गेला. छाती एकोणचाळीस. आणि आता एकेचाळीस झाली!" तिने पेन्सिल आणि टेबलावरची एक चिठ्ठी ओढली. आकड्यामागे 'हसताना' असे लिहायचे, म्हणून घाईघाईत तिने 'ह' काढला, टिंब दिले, आणि हात तिथेच थांबला.

तिने ती चिठ्ठी माझ्या शेवटच्या पिपाणीच्या पानाशी नेली. वडिलांचा 'ह.' आणि स्वतःचा 'ह.' तिने एकाखाली एक धरले.

"फुंकताना साडेपस्तीस," ती हळूच म्हणाली. "हसताना साडेसदतीस."

चिंगीचे हसणे कधी थांबले आणि रडणे कधी सुरू झाले, ते मला सांगता येणार नाही. मला त्या दोन आवाजांतला फरक तसाही नीट कळत नाही. दादा तिच्या शेजारी जाऊन बसला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण तिची खाली पडलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "पोती कुठे दिली ते मी विचारून बघेन. मिळेल असं नाही."

"नाही मिळायचं," ती म्हणाली. "राहू दे."

मग कोटाचा प्रश्न पुन्हा समोर आला. लेकीने कापडावर खडू टेकवला आणि बराच विचार केला.

"शेवटच्या मापाचा शिवते," ती म्हणाली.

दादाने मान खाली घातली.

"पण आत माया ठेवते. दोन्ही बाजूंना भरपूर. उसवलं, तर एकेचाळीसची छाती मावेल एवढी."

तुम्हाला ठाऊक असेल, शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. माणूस वाढला, की तिच्यातूनच कपडा सैल करतात. चिंगीने दादाकडे बघितले. दादा म्हणाला, "ठेवा. भरपूर ठेवा."

तो कोट आता हॉलच्या काचेच्या कपाटात आहे. बारीक अंगाचा, लहानशा माणसाचा दिसतो म्हणे. आतली माया किती आहे, हे तिघांनाच माहीत.

कोट न्यायला चिंगी एकटी आली होती. जाताना तिने सहज विचारले, "आणि तुमच्या वडिलांचं माप कुठल्या पानावर आहे हो? ते काय म्हणून लिहायचे स्वतःला?"

लेक म्हणाली, "असेल की. शोधायला हवं."

चिंगी गेल्यावर तिने दुकानाचे दार लोटले आणि मला पहिल्या पानापासून उघडले. उंच पोस्टवाला, घाई, बटणं तोडतो. एकेक पान तिने ओलांडले. मी मनातून धडपडत होते, की एखादे तरी पान सापडावे. भरलेली सगळी पाने संपली. सगळ्यांची मापे घेणाऱ्या माणसाचे माप कुणी घेतलेच नव्हते. त्यांचे कपडे ते कापडाकडे बघून, अंदाजाने बेतत.

शेवटी एक कोरे पान उरले होते. तिने पेन्सिलीला टोक केले आणि वर लिहिले : 'बाबा.' मग खाली सावकाश लिहीत गेली.

'उंची : पडद्याच्या दांड्याला डोकं लागायचं, वाकून जायचे.

बाही : वरच्या फळीवरचं अस्तर स्टुलाशिवाय काढायचे.

कॉलर : वरचं बटण कधीच लावलं नाही.

खांदा : एक उतरता.'

इथे ती अडली. कुठला? वर्षानुवर्षे एका अंगावर झुकून मशीन चालवल्याने मास्तरांचा एक खांदा खाली आला होता, हे तिला पक्के आठवत होते. ती त्यांच्या मशीनवर जाऊन बसली. त्यांच्यासारखी झुकली. उठून आपल्या जागेवर बसली, पुन्हा उठली. आरशात बघून तिने आपला डावा खांदा पाडला, मग उजवा. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिची जागा मास्तरांच्या पाठीमागे होती आणि समोर तो भिंतभर आरसा. इतकी वर्षे ती वडिलांना आरशातच बघत आली होती. आरशात डावा उजवा होतो. तिला आठवत होता तो खांदा आरशातला होता, की पाठीवरून बघितलेला, हेच तिला सांगता येईना.

मित्रांनो, मी साधी वही आहे. तुम्हाला शहाणपण शिकवावे असे माझ्यात काही नाही आणि माझाच गोंधळ अजून मिटलेला नाही. पण तुमच्या घरातली माणसे घरात आहेत, तोवर एकदा त्यांच्या समोर नीट उभे राहून त्यांना बघा. ती हसतात कशी, कुठल्या हाताने कप धरतात, चालताना कुठल्या बाजूला कलतात, हे कुठेतरी लिहून ठेवा. आकड्यांतच लिहायला हवे असे नाही. आणि घरातली एखादी जुनी वही कशाच्या पायाखाली सरकवण्याआधी ती एकदा चाळा. तिच्यातल्या खुणांचा अर्थ सांगणारे माणूस अजून असेल, तर त्याला आजच विचारा.

मी आता खणात नसते, टेबलावर असते. लेकीने माझ्या पुठ्ठ्याला नवे कापड लावले आहे. जुने गिऱ्हाईक आले, की ती टेप हातात घेण्याआधी मला पुढे ओढते आणि विचारते, "आमच्या बाबांचा कुठला खांदा उतरता होता हो?" लोक डोळे बारीक करतात, दाराकडे बघतात, हवेत हात हलवून बघतात. आजपर्यंत चौघांनी डावा सांगितला आहे आणि पाच जणांनी उजवा. ती सगळ्यांचे ऐकून घेते, मान हलवते, आणि ती जागा कोरी ठेवून पुढच्याची वाट बघते.